पंख्याचे दोन आवाज

हिरामणने स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याच्या पत्र्यावर टेकवलं, लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. ओसरीवर त्याची मुलगी सुप्रिया आणि तिच्या गाण्याच्या पार्टीतला कुणाल त्याच्या तोंडाकडे पाहत उभे होते. मिनिटभराने त्याने मूठ तोंडातून काढली.

"दोन आवाज हायेत," तो म्हणाला. "एक घरघर, एक शिट्टी. दोघांचं कारण येगळं हाय."

डबा म्हणजे सुप्रियाच्या गिटारचा डिजिटल प्रोसेसर. वाजवताना पायाजवळ ठेवायचा, वर बटणं आणि छोटा पडदा. गिटारची वायर त्याला जोडली की गिटारचा आवाज हवा तसा बदलता येतो. सुप्रिया पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत कॉम्प्युटरवर काम करायची आणि सुटीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवून गायची. हा प्रोसेसर तिने दोन वर्षांपूर्वी नागपूरहून जुना आणला होता.

बुधवारी कुणालने त्यात नवं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा आतला प्रोग्राम, टाकलं. कंपनीने पाठवलेलं अपडेट होतं, चांगले नवे आवाज मिळतील म्हणून त्याने हौसेने टाकलं. सुप्रियाला विचारूनच टाकलं होतं, पण तिने नीट ऐकून न घेता हो म्हटलं होतं. अपडेट संपलं, डबा पुन्हा सुरू झाला आणि आतला पंखा घरघरायला लागला, तो थांबेचना. गाताना सुप्रियाचा माइक डब्यापासून हातभरावर असतो. माइकमधून ती घरघर स्पीकरभर ऐकू यायची. आणि रविवारी मोहगावला बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता.

कंपनीच्या सेवा केंद्रात फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं की सगळं पुसून जुनं फर्मवेअर परत टाका. सगळं पुसून म्हणजे सुप्रियाने साठवलेले आवाजही पुसून. त्यांची कॉपी काढायची राहून गेली होती, आणि आता नव्यात काढलेली कॉपी जुन्यात चालणार नव्हती.

बाकी आवाज तिने पुन्हा बसवले असते. एक बसवता आला नसता. पार्टी ज्यांनी सुरू केली त्या दादाराव गायकांच्या एकतारीचा आवाज तिने गिटारमधून काढला होता. लोधीखेड्याला त्यांच्या घरी अकरा संध्याकाळी ती जाऊन बसली होती. ते एकतारी छेडायचे, ती बटणं फिरवायची, ते मान हलवून नाही म्हणायचे. बाराव्या वेळी जायची गरज पडली नाही, कारण अकराव्या संध्याकाळी ते म्हणाले होते, आता माही कोणती अन् तुही कोणती, मलेच समजून नाई राहिलं. हिवाळ्यात दादाराव गेले. त्यांची एकतारी त्यांच्यासोबतच सरणावर ठेवली. आता त्यांचा सूर जगात त्या डब्यातच होता, आणि मोहगावचा कार्यक्रम त्याच सुराने सुरू व्हायचा होता.

कुणाल दोन दिवस जेवला नव्हता. पार्टीतल्या बाकीच्यांनी त्याला सरळच सांगितलं होतं की सामानाला यापुढे हात लावू नको.

हिरामणला हे सगळं सुशीलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हातवारे करून आणि तोंड स्पष्ट हलवून सांगितलं होतं. एकतीस वर्षं तो एका जिनिंगमध्ये तेलवाला होता. कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनच्या रांगेतून तेलाची कुप्पी घेऊन फिरायचं आणि कोणतं बेअरिंग आजारी आहे ते ओळखायचं, एवढंच काम. त्या गोंगाटात कानांनी काही ऐकू यायचं नाही, म्हणून मशीनला लोखंडी सळई टेकवून दातांनी ऐकायची सवय त्याला तेव्हाच लागली. जिनिंग बंद पडेपर्यंत कान गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, डावा पुरा गेला आणि उजव्यात थोडं उरलं आहे. तेव्हापासून तो घराच्या ओसरीवर कूलर, मिक्सर, टेबल फॅन दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि त्याची गरजही पडायची नाही. मशीन सांगायची.

तरी शुक्रवारी सकाळी त्याने प्रोसेसर मागितला तेव्हा सुप्रिया आईकडे वळून म्हणाली होती, "आई, बाबाले सांग ना, हा टेबल फॅन नोहे. अन् त्याह्यले ऐकू कुठं येते?"

ती हळू बोलली होती. पण हिरामण ओठ वाचायचा, हे ती रागाच्या भरात विसरली. सुशीलाने मान खाली घातली. हिरामणने हातातला कूलरचा पंप बाजूला ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "पंखा हाय ना त्याच्यात? मंग मले इचार."

सुप्रियाने डबा आणून त्याच्यासमोर ठेवला होता.

दोन आवाज आहेत हे सांगून झाल्यावर त्याने कुणालला जवळ बसवलं आणि विचारलं की अपडेटच्या आधी पंखा केव्हा सुरू व्हायचा. कुणालला आठवेना. सुप्रियाने आठवून सांगितलं, बोटांनी आणि मोठ्याने, की तासभर वाजवल्यावर, डबा गरम झाला की, आणि तोही हळू. आता मात्र बटण दाबल्या दाबल्या जोरात फिरतो. मग कुणालने मोबाइल काढून अपडेटसोबत आलेली यादी पुन्हा वाचली. नवे आवाज, पडद्याची दुरुस्ती, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की डबा जास्त थंड राहावा म्हणून पंख्याचा वेग वाढवला आहे. ती ओळ त्याने आधी वाचलीच नव्हती. त्याने ती मोठी करून हिरामणसमोर धरली.

हिरामण इंग्रजी अक्षरं लावत बसला नाही. सुप्रियाने अर्थ सांगितला तो त्याने तिच्या ओठांवरून घेतला.

"मंग या पोराचा काही दोष नाई," तो म्हणाला. "पंखा पह्यलेच कोरडा पडला होता. पडून राहत होता म्हणून समजत नव्हतं. आता त्याले दिवसभर कामाले लावलं, तं तो कण्हून राहिला."

कुणाल ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसला. सुशीलाने आतून त्याच्यासाठी चहा आणि दोन भाकरी आणल्या, आणि त्याने त्या खाल्ल्या.

हिरामणने वायर काढली, साबणाने हात धुतले आणि डबा उघडला. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. पंखा लहान मुलाच्या तळहाताएवढा होता. पात्यांवर पांढरट लव बसली होती. त्याने ती चिमटीत धरून पाहिली आणि हसला. कापूसच होता. सुप्रिया जिथे सराव करायची ती खोली दुसऱ्या एका चालू जिनिंगच्या रस्त्यावर होती, मोसमात तिथल्या हवेत कापूस तरंगायचा. त्याने ब्रशने पातं न् पातं साफ केलं, मधलं गोल स्टिकर नखाने अर्धं उचललं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने आत सोडला. दुसरा सोडला नाही. जास्त तेल झालं तर ते उडून धूळ धरतं, हे त्याने कुणालला सांगितलं.

डबा बंद करून सुरू केला. घरघर गेली होती. पण सुप्रियाचा चेहरा उतरलेलाच राहिला. घरघर होती तोवर जी शिट्टी तिच्याखाली दबली होती, ती आता एकटीच स्वच्छ ऐकू येत होती, आणि ती अधिक वाईट होती, कारण ती सुरात होती. कोणत्याही गाण्यात घुसली असती. सुप्रियाने मोबाइल उचलला. तिने आईला सांगितलं की आता सेवा केंद्राला फोन करून पुसून टाकते, रविवारपर्यंत बाकीचे आवाज तरी बसवता येतील.

हिरामणने तिच्या हातावर हात ठेवला. "जेवणाच्या टाइमापर्यंत थांब," तो म्हणाला. याआधी त्याने मुलीला अशी विनवणी केल्याचं सुशीलाला आठवत नव्हतं. सुप्रियाने मोबाइल खाली ठेवला.

त्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि टोक डब्यावर बोटभर अंतराने सरकवत नेलं. पंख्याजवळ शिट्टी कमी होती आणि दूरच्या कोपऱ्यात जास्त. हे त्याला विचित्र वाटलं. त्याने त्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि सुप्रियाकडे पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या. अंगठा उचलला तर त्या खाली आल्या. तीन वेळा त्याने अंगठा दाबला आणि उचलला, आणि तिन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावरून त्याला उत्तर मिळालं: दाबलं की शिट्टी बंद.

शिट्टी पंख्याची नव्हती. नव्या वेगात पंख्याची थरथर बरोबर एवढी होत होती की वरचं झाकण तिच्यासोबत वाजायला लागलं होतं. जुन्या वेगात ते कधीच वाजलं नसतं. हिरामणने सायकलच्या जुन्या ट्यूबमधून चार चकत्या कापल्या आणि पंखा जिथे डब्याला कसला होता त्या चारही स्क्रूंखाली एकेक बसवली. पंख्याची थरथर आता रबरातच मुरणार होती. हवेची वाट मोकळी आहे ना, ते त्याने उदबत्तीचा धूर धरून पाहिलं. मग डबा उन्हाळी दुपारच्या गरम ओसरीवर दोन तास चालू ठेवला आणि दर थोड्या वेळाने त्याला हात लावून पाहत बसला. ताप वाढला नाही.

सुप्रियाने गिटार आणली. आधी तिने काहीच वाजवलं नाही, माइक डब्याजवळ धरून नुसती ऐकत राहिली. मग दादारावांच्या एकतारीचा आवाज लावला आणि एकच तार छेडली. आतल्या खोलीत सुशीला तांदूळ निवडत होती, ती सूप तसंच धरून दारात येऊन उभी राहिली. कुणालने तोंड फिरवून घेतलं.

संध्याकाळी सेवा केंद्राच्या माणसाचा फोन आला, पुसून झालं का हे विचारायला. सुप्रियाने त्याला पंख्याचं आणि झाकणाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला की अशा तक्रारी आणखी आल्या आहेत आणि कोणाला कारण सापडलेलं नाही. तुमचा टेक्निशियन कोण, कुठे शिकला, त्याने विचारलं. सुप्रियाने हिरामणकडे पाहिलं आणि त्याला दिसेल असं सावकाश, एकेक शब्द सुटा करत उत्तर दिलं.

"माहे बाबा. एकतीस वर्षं जिनिंगमधी होते."

रविवारी ते सगळे सौसरवरून मोहगावला गेले. विहारासमोरच्या पटांगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने बसली होती. सूर्य बुडता बुडता सुप्रियाने सुरुवात केली. हिरामण सुशीलाजवळ चौथ्या रांगेत बसला होता. त्याला एक लांबचा गुंजार तेवढा जाणवत होता. त्याने लोकांकडे पाहिलं. कडेवरची पोरं हलायची थांबली होती. पाणी वाटणारा गडी हातात तांब्या घेऊन जागीच उभा राहिला होता. पुढच्या रांगेत दादारावांची बायको देवकाबाई बसली होती. तिने पदराने डोळे टिपले नाहीत, ती ताठ बसून ऐकत राहिली. एकानेही मान वळवून त्या डब्याकडे पाहिलं नाही. हिरामणला तेवढं पुरे होतं.

शेवटी सत्कार झाले. आधी गाणाऱ्यांचे, मग मंडपवाल्याचे. मग सुप्रियाने स्वतः माइक हातात घेतला आणि एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही, तेव्हा पुन्हा पुकारलं. लोक माना वळवून चौथ्या रांगेकडे पाहायला लागले. एवढे लोक आपल्याकडे का पाहून राहिले, ते हिरामणला कळेना. त्याला वाटलं, डब्यात काही बिघडलं असेल. सुशीलाने त्याच्या कोपराला हात लावला आणि त्याला उभं केलं. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, चपला काढून रांगेतच ठेवल्या, आणि आपल्याला कशासाठी बोलावलं आहे हे न विचारता, दोन्ही बाजूंच्या लोकांना हात जोडत, सावकाश मंचाकडे चालत गेला.