अजून थोडं वाकवा

मावसभाऊ उमेदवार म्हणून परीक्षेला तिच्याचसमोर आला तेव्हा, हा माझ्या नात्यातला आहे, याची परीक्षा दुसऱ्या कुणी घ्यावी, असं तिने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नियम तसा होता. तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि गप्प बसली. या दिवसाची तिने चातकासारखी वाट पाहिली होती. तो काय नियमापायी घालवायचा?

तिच्या कुत्र्याच्या, ढब्बूच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती बाहेरगावी शिकवायला गेली आणि या दिवट्याने, "आखडलाय बिचारा, मोकळा करतो," म्हणत त्याचा पाय धरून ओढला. तेव्हा ना शिक्षण, ना परवाना. माणसांना मालिश करायचा, तेच कुत्र्यांना सुरू केलं होतं. आतलं शिवलेलं तुटलं, पू झाला आणि शेवटी पाय मांडीपासून काढावा लागला. वर मावशी तिलाच म्हणाली, "एका कुत्र्यापायी भावाशी वैर धरतेस?" धरलं. चांगलं घट्ट धरलं. ढब्बू पुढे वर्षभरात गेला, वैर तेवढं धडधाकट राहिलं.

आता प्राण्यांच्या फिजिओथेरपीला परीक्षा सक्तीची झाली होती. पास झाल्याशिवाय जनावराला हात लावायचा नाही. त्यामुळे गडी कोर्स करून, नवा पांढरा कोट घालून हजर झाला होता. तिला पाहून आधी दचकला, मग त्याचा जीव भांड्यात पडला. परीक्षक घरचीच निघाली ना! दुसरे परीक्षक म्हणजे एक निवृत्त सर्जन. ते खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते.

रबरी चटईवर एक तपकिरी कुत्री होती, गुडघ्याच्या ऑपरेशनमधून बरी होत असलेली.

"सुरू करा," ती म्हणाली.

त्याने काम चांगलं केलं, हेच तिला सहन होईना. आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. कुत्रीला चालवून पाहिलं. मग खाली बसून, तोंड जरा बाजूला वळवून, तिला हात हुंगू दिला. आधी चांगला पाय तपासला, नंतर दुखरा. गुडघा इतक्या अलगद वाकवला की खिडकीतले सर मान डोलवू लागले. ढब्बूच्या वेळी कुठे गेले होते हे हात?

कुत्रीने ओठ चाटले, कुत्र्यांची 'नको' म्हणायची खूण. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

इथेच खरी परीक्षा होती. जनावर 'नको' म्हणालं की हात थांबलाच पाहिजे, समोर मालक असो, डॉक्टर असो की परीक्षक. या एका चुकीला माफी नाही. हे कलम नियमात तिनेच भांडून घालून घेतलं होतं.

"अजून थोडं वाकवा," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "मॅडम, ती नको म्हणतेय."

"मी सांगतेय ना," ती म्हणाली, आणि लहानपणी त्याला पेपर सोडवून देताना हसायची तशी हसली.

तो त्या हसण्याला भुलला. बहीण आपल्याला हात देतेय असंच त्याला वाटलं असणार. त्याने गुडघा आणखी वाकवला आणि कुत्री किंचाळून टेबलाखाली पळाली.

"नापास," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तूच सांगितलंस ना, ताई."

"हो. पण पेशंट मी नव्हते."

"ताई?" सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही नात्यातले आहात?"

तिने निकालाचा कागद पुढे ओढला. तो टेबलापाशी जमिनीवर बसला, हात मांडीवर ठेवून. बऱ्याच वेळाने कुत्री सरपटत त्याच्याजवळ आली. त्याने न ओढता, न दाबता गुडघा चाचपला. "आत काही तुटलेलं वाटत नाही," तो सरांना म्हणाला, "पण डॉक्टरांना आजच दाखवा. आणि थोडा बर्फ लावा."

त्याला काम येत होतं. तिच्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा बरं येत होतं. हे तिला लख्ख कळलं आणि तरीही तिने निकालावर सही केली. बरं वाटलं तिला, खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

"चल गं," तिने कुत्रीला हाक मारली आणि दार उघडून धरलं.

कुत्री उठली. दाराकडे सरळ येणारी वाट दार धरून उभ्या असलेल्या परीक्षकबाईंच्या पायांजवळून जात होती. कुत्रीने ती वाट सोडली आणि दुखरा पाय उचलून, लंगडत, आख्ख्या खोलीला वळसा घालून भिंतीकडेने बाहेर पडली.