सात खाचरांचं विषयांतर

दयानंदला आपल्या न्यायबुद्धीचा भारी अभिमान होता, आणि तो त्याला 'झाडूवाल्यां'नीच चढवला होता. झाडूवाले म्हणजे मराठी साईटींवर भांडणं सोडवणारे, शिव्या खोडणारे आणि त्याबद्दल वर शिव्या खाणारे पंधरा-वीस संपादक. जगाची गाऱ्हाणी ऐकायची आणि आपलं ऐकायला कुणी नाही, म्हणून हेमलताबाईंनी मेलवर हा गट काढला. त्या स्वतः बागकामाच्या साईटवर गुलाबवाले आणि निवडुंगवाले यांना एकमेकांपासून लांब ठेवायच्या. दयानंद मूळचा अंबाजोगाईचा, हिंजवडीत नोकरीला, जवळच्याच जांबे गावात भाड्याच्या खोलीत; स्वयंपाकाच्या एका साईटवर २००२ पासून झाडू मारत होता. कुणी चिडून आलं की गटाचा एकच सल्ला असे: आधी पाणी पिऊन या, मग काय ते खोडा. काय दिवस होते ते! एकमेकांची तोंडं कुणी पाहिली नव्हती. पण आमटीत गूळ घालावा की नाही यावरून वाचक त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा हेमलताबाईंनी रोज मेल टाकून त्याला धीर दिला होता.

गटाचा एक रिवाज होता. नव्या माणसाने आल्या आल्या आपली 'पहिली झाडणी' सांगायची, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा काय खोडलं ते. २००८च्या जानेवारीत रेश्मा आली. पौडजवळच्या रिहे गावची, शेतीच्या एका नव्या साईटची संपादक. तिने भलतंच लिहिलं.

'मी काय खोडलं ते आठवत नाही, माझं काय खोडलं गेलं ते आठवतं. पाच वर्षांपूर्वी एका साईटवर कुणीतरी विचारलं होतं, इंद्रायणीचा चिकट भात मोकळा कसा करावा. मी पौडच्या सायबर कॅफेत बसून आमच्या सात भातखाचरांबद्दल लिहिलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, प्रत्येक खाचराला नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मजकूर गायब, जागेवर एकच शब्द: विषयांतर. आता आबा नाहीत. खाचरं विकली, तिथे फार्महाऊस झालं. आईला आणि मला मिळून सहा नावं आठवतात. सातवं काही केल्या आठवत नाही.'

'कोण तो गाढव?' हेमलताबाईंनी विचारलं. खाली चौदा जणांनी री ओढली. दयानंदने तो शब्द लगेच ओळखला. त्याच्या साईटवर हा शब्द लिहून मजकूर उडवणारा एकच इसम होता, आणि त्याने त्या खाचरांना दहा सेकंदसुद्धा दिले नव्हते. पाणी पिणं तर लांबच.

खोडलेलं सगळं त्यांच्या साईटवर 'अडगळ' नावाच्या विभागात पडून राही. ते फक्त संपादकांना दिसे. पण साईटच मार्चअखेर बंद होणार होती, आणि तिच्याबरोबर अडगळही जाणार होती. दयानंद रोज जेवणाच्या सुट्टीत अडगळ उपसायला बसला. शब्द टाकून शोधावं तर त्या काळी लोक मराठी रोमन अक्षरांत लिहीत, आणि इंद्रायणी पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी लिहिली होती. मग एकेक पान. जाहिराती होत्या, शिव्या होत्या, आणि मधेच कुणाच्या आजारी नवऱ्याचं पथ्य, कुणाचं मोडलेलं लग्न. सगळ्यांवर त्याचाच शिक्का, विषयांतर. त्याला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात सात खाचरं सापडली.

मजकूर छापून नाव न घालता टपालाने तो कागद पाठवता आला असता. दोन दिवस त्याच्या मनात तेच घोळत होतं, कारण गटात कमावलेली इज्जत एका ओळीत जाणार होती. शेवटी तो उठला, पाणी पिऊन आला आणि हेमलताबाईंच्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं: 'तो गाढव मी. मजकूर सापडलाय.'

त्या रात्री तो दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी रेश्माची ओळ आली: 'मेलवर पाठवू नका. रविवारी रिह्याला या. आईला तुम्हीच वाचून दाखवा.'

रविवारी तो घोटावड्यावरून मोटारसायकलने रिह्याला पोचला. रेश्माने हसून बिसून काही स्वागत केलं नाही. ओसरीवर तिची आई, चंद्राबाई, सुपात तांदूळ निवडत होती.

"ह्योच का त्यो पुसणारा?"

"व्हय," रेश्मा म्हणाली.

"बस. वाच."

दयानंद वाचू लागला. थोरलं, नकटं, देवाचं, पाणथळ, जावयाचं, आंब्याखालचं. चंद्राबाई एकेका नावाला एकेक बोट मिटत होती. सहा झाली.

"'आणि ओढ्याकडचं रुसकं,'" त्याने वाचलं. "'आई आबांवर रुसली की तिथे जाऊन बसते आणि आबा तिला न्यायला जातात, म्हणून ते रुसकं.'"

चंद्राबाईने सूप खाली ठेवलं.

"रुसकं," ती म्हणाली. "माज्यावरनंच नाव ठिवलं, आन् मीच इसरले बग." मग म्हणाली, "न्यायला येणारंच ऱ्हायलं न्हाई. रुसणार तरी कुनावर?"

रेश्माने त्याच्या हातून कागद घेतला आणि सगळा मजकूर पहिल्यापासून मन लावून वाचला, दोनदा.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "विषयांतरच आहे हो हे. मीसुद्धा उडवलं असतं."

"पाणी पिऊन," दयानंद म्हणाला. तेव्हा कुठे ती हसली.

चंद्राबाईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात आमटी आली, भात आला. वाढता वाढता तिने डावाने भात जरा हलवला.

"कसा मोकळा करायचा, इचारत व्हतं ना कोन?" ती म्हणाली. "बग, झालाय मोकळा. इकतचा हाय."