नीराबाई झोपते कशी

साहेब, तुमचा तो तपासणीचा फॉर्म तुम्ही म्हाताऱ्या माणसाला तपासायला केलेला नाही, वाटेला लावायला केलाय. धाप लागलेलं माणूस आलं की तीन चौकोन: दमा, टीबी, विडी. एकावर खूण करा, वाफ द्या, घरी पाठवा. म्हातारीच्या छातीत काळीजही असतं, हे तुमच्या फॉर्मच्या गावीच नाही.

दिघीची नीराबाई अशी तीनदा घरी गेली. चौथ्यांदा आली ती सकाळी दहाला, सुनेच्या खांद्यावर. वय पंच्याहत्तर, सगळा जन्म सुकी मच्छी विकण्यात गेलेला. ओठ जांभळे पडलेले, अर्धं वाक्य बोलायला दोन श्वास लागत होते.

"काय होतंय आजी?" तातडीच्या खोलीतल्या सिस्टरनं, कल्पितानं विचारलं.

"दमा हाय... मना."

सुनेनं, रुचितानं जुने तीन कागद पुढे केले. तिन्हींवर दमाच. डॉक्टर पियूष नवा आणि एकटा. बाहेर रांग लागलेली. त्यानं छातीला नळी लावली, श्वासातली शिट्टी ऐकली आणि वाफ सांगितली. शिट्टी खोटी नव्हती.

तोंडावर मास्क चढवताना कल्पिता म्हणाली, "जरा आडव्या व्हा."

नीराबाईनं तिचं मनगट होडीच्या काठासारखं गच्च धरलं. "आडवी नको करू... जीव जाईल."

"मग घरी झोपता कशा?"

"बसून. बोंबील... राखते."

रुचिता ओशाळून हसली. "मांजरा येतात म्हणून रात्रभर ओट्यावर भिंतीला टेकून. आत चला म्हटलं तर मलाच शिव्या."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन महिने. श्रावणाच्या आधीपासून."

कल्पिता कोळ्याचीच लेक. तिचा हात थबकला. "भरपावसात कुठले गो बोंबील वाळत घातलेत तुम्ही?"

रुचिताचं हसू जागच्या जागी विरलं. ती सासूकडे बघत राहिली. सासू छताकडे.

कल्पितानं लुगड्याचा काठ वर सारला. पाय टम्म सुजलेले, जोडवी मांसात रुतलेली. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"सर, इकडे या. हा दमा वाटत नाही मला. आडवं होता येत नाही, महिनोन्‌महिने बसून झोपतायत, पाय बघा."

पियूष आला. चिडला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं पाठीवर खाली नळी ठेवली, ईसीजी काढला आणि त्याचा चेहरा उतरला. "हृदय थकलंय. फुप्फुसात पाणी साचलंय, शिट्टी त्याचीच. वाफ बंद करा. ऑक्सिजन लावा, बसतीच ठेवा, लघवीचं इंजेक्शन द्या."

इंजेक्शन लागू पडेपर्यंतचा वेळ मोठा कठीण. कल्पिता खाटेवर मागे बसली. "माझ्यावर टेका."

"आंगाला मच्छीचा... वास येतो माझ्या."

"माझ्या आयशीचापण येतो. टेका."

अर्ध्या तासानं भांडं मागावं लागलं. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी नीराबाईचं वाक्य एका श्वासात पुरं झालं: "पोरी, आता इथंच फेरीबोट लाव!"

रुचिता हसता हसता रडली. "आये, मांजरांचं खोटं का सांगितलंव?"

"तुला कळलं असतं तर माझा धंदा बंद केला असतास. घरात बसून मी काय करू गो?"

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांनी कुठं विचारलं?"

दुपारी हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. तोवर कल्पितानं खाटेची डोक्याकडची बाजू हळूहळू खाली केली, एकेक खाच, दर वेळी विचारत, "एवढं चालेल?" अर्ध्यावर नीराबाईचे डोळे मिटले. तोंड उघडं टाकून ती घोरू लागली, आणि रुचितानं तिच्या पायावर आपला पदर पसरला.

तीन वेळा ती तुमच्या माणसांसमोर येऊन बसली, साहेब. "आजी, झोपता कशा?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? का नाही विचारलंत? उत्तर द्या.