उलट पावली द्यु बारी

मायेल तिसऱ्यांदा पडली तेव्हा सोलांजला, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटलं.

लगेच लाजही वाटली, पण बरं वाटलं ते वाटलंच. फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची, ती बदनाम प्रेयसी, मादाम द्यु बारी, तीस वर्षांपूर्वी टीव्हीच्या मालिकेत सोलांजनेच रंगवली होती. रंगवली कसली, दिग्दर्शक सांगेल तशी खिदळली होती, दोन्ही हातांनी कोंबडीची तंगडी ओरबाडली होती. लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. अजूनही बाजारातला चीजवाला तिला बघून "या, काउंटेस!" म्हणायचा. आता साठीला टेकल्यावर काम मिळालं होतं ते नव्या द्यु बारीला, म्हणजे मायेलला, दरबारात पेश करणाऱ्या म्हाताऱ्या सरदारणीचं.

प्रसंग तसा साधा. पेश झालेल्या बाईने राजापुढे तीनदा लवायचं आणि पाठ न दाखवता, उलट पावली, दारापर्यंत जायचं. झग्याचा लांबलचक घोळ टाचेने मागे उडवत राहायचं. तालमीच्या खोलीत मायेलला हे हातचा मळ झालं होतं. पण चित्रीकरण होतं लुआर नदीकाठच्या जुन्या शातोत, सरदारी वाड्यात, आणि तिथल्या कारभाऱ्याचा मेण घासलेल्या लाकडी जमिनीवर भलता जीव. कॅमेऱ्याच्या पायांना, दिव्यांच्या पायांना, अगदी नटांच्या बुटांनाही लोकरीचा जाड नमदा चिकटवल्याशिवाय तो कुणाला आत सोडेना. मायेलने टाच उचलली की दुसरा पाय सटकायचा आणि राजाची लाडकी धपकन जमिनीवर बसायची.

"मस्यू, या एका सीनपुरता तरी नमदा काढू द्या," दिग्दर्शक बास्तियाँ गयावया करत होता.

"काढा की," कारभारी म्हणाला. "आणि त्याच हाताने सामानही गाडीत भरा. उद्या सकाळी माझे पर्यटक येणार आहेत."

बास्तियाँने सोलांजला खिडकीपाशी ओढलं. "तू सकाळपासून एकदाही घसरली नाहीस. तिचा झगा तू चढव. पाठीमागून घेतो, चेहरा दिसायला नको. मायेलचं नुसतं हसणं जवळून घेऊ."

"आणि माझी म्हातारी?"

"म्हातारीचं काय एवढं? कुणालाही उभी करू."

सोलांजच्या तोंडाला पाणी सुटलं. तो चंदेरी झगा! पाठमोरी का होईना, पुन्हा एकदा द्यु बारी! हो म्हणायला तिने तोंड उघडलंच होतं.

"हसणं जवळून," मायेल मागे उभी राहून ऐकत होती. "दर वेळी हेच. पडद्यावर ही बाई एक तर हसते, नाहीतर खाते, नाहीतर शेवटी वधस्तंभासमोर किंचाळते. या एकाच सीनमध्ये ती नुसती चालते, मादाम. सगळा दरबार ती पडायची वाट बघतोय आणि ती पडत नाही. एवढ्यासाठीच मी हे काम घेतलं."

"आमच्या वेळी मला मुद्दाम पाडली होती," सोलांज म्हणाली. "लोक पोट धरधरून हसले होते."

तेव्हा तीही हसली होती. आज पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला.

"जेवून आल्यावर ठरवू," तिने बास्तियाँला सांगितलं आणि सगळे जेवायला पांगताच पोरीला हाताला धरून मागच्या ओसरीत नेलं.

"लहानपणी घरी लाकडी जमीन नव्हती का गं तुमच्या?"

"फरशी होती. ब्रेस्तला."

"तरीच! आमच्या मावशीच्या दारातच नमद्याचे तुकडे ठेवलेले असायचे. त्यांच्यावर पाय ठेवून घरभर सरकायचं. पाऊल उचललं की मावशीची चापट. तू टाच उचलूच नकोस, सरक. घोळ उडवू नकोस, ढकल."

"म्हणजे राजासमोर लादी पुसू?"

"पूस! शिवणकाम करणाऱ्या बाईची पोर होती द्यु बारी. वरून काउंटेस, खालून मोलकरीण. कुणाला कळतंय?"

घोळ एकदा पायात आला, एकदा मायेल भिंतीवर आदळली. दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग हळूहळू हसू थांबलं आणि पाय सरकू लागले. दोघींची जेवणं मात्र राहिली.

"झगा चढवतेस ना?" बास्तियाँने परतल्यावर विचारलं.

"नाही. तिला एक टेक दे. पडली तर मी आहेच."

या धंद्यात कुणी शुभेच्छा देत नाही, दिल्या तर काम बिघडतं म्हणतात. म्हणून सोलांजने मायेलच्या कानात सगळे देतात तीच घाणेरडी शिवी हासडली. मग दोघी राजासमोर उभ्या राहिल्या.

"महाराज, मादाम काउंटेस द्यु बारी!"

तीस वर्षं अंगावर मिरवलेलं नाव सोलांजने खणखणीत आवाजात दुसरीच्या हवाली केलं.

मायेल तीनदा लवली. मग मागे सरकू लागली. दरबारी झालेल्या नटांना अभिनय करावाच लागत नव्हता, सगळे खरोखरच ती पडायची वाट बघत होते. ती पडली नाही. हनुवटी वर, नजर राजावर, ओठांवर हसूही नाही.

ती सोलांजच्या बरोबरीला आली. म्हाताऱ्या सरदारणीने इथे तोंड वाकडं करून समोर बघत राहायचं, असं ठरलेलं होतं. सोलांजने झगा दोन्ही हातांनी धरला आणि कुरकुरते गुडघे वाकवून त्या पोरीपुढे खाली, अगदी खाली लवली.

ओरडायला उघडलेलं तोंड बास्तियाँने मिटलं. कट म्हणायचं त्याला सुचलंच नाही.