वेळणेश्वरचं कुलूप

राजश्री डोर्लेकरने सकाळपासून सातव्यांदा वेळणेश्वरच्या रखवालदाराला फोन लावला.

"दर्शन, खटका वर केलास का?"

"मॅडम, खोलीला कुलूप आहे. चावी गुरुप्रसाद साहेबांकडे. साहेब चिपळूणला साखरपुड्याला गेलेत."

"आणि फोन?"

"उचलत नाहीत."

तिने कपाळाला हात लावला. वारा समुद्राचं वरचं पाणी कसं आणि कुठे ढकलतो, हे ती दोन रडारांवरून मोजत होती. एक रत्नागिरीला, तिच्या खिडकीखाली. दुसरं वेळणेश्वरला. एकटं रडार एवढंच सांगतं, की पाणी आपल्याकडे येतंय की आपल्यापासून लांब जातंय. दिशा कळायला दोन्ही लागतात. आणि काल संध्याकाळी लाईट गेल्यापासून वेळणेश्वर बंद होतं. लाईट परत आली होती, पण आतला खटका कुणीतरी वर केल्याशिवाय मशीन सुरू होणार नव्हतं.

तेवढ्यात दारात खंडूकाका पालशेतकर उभे राहिले. तिच्याच वाडीतले, दोन होड्यांचे मालक. चेहरा पांढराफटक.

"पोरी, आमचा पोरगा बाबू दर्यावरून आला नाय गो. काल सांजेला फोन आला, इंजिन बंद पडलंय, मिऱ्याच्या किनाऱ्यासमोर बारा मैलांवर आहोत म्हणून. मग फोनच बंद. दोन खलाशी आहेत बरोबर."

"तटरक्षक दलाचे लोक शोधतायत ना?"

"शोधतायत. वारा वायव्येचा, म्हणून आग्नेयेला, किनाऱ्याच्या बाजूला. तुझं मशीन काय सांगतं?"

"काका, जाळं पाण्यात आहे?"

"सगळं. ओढायच्या आधीच इंजिन गेलं."

राजश्री उठून उभी राहिली. पाण्यातलं जाळं होडीला धरून ठेवणार. म्हणजे होडी वाऱ्यापेक्षा पाण्याबरोबर जास्त जाणार. आणि आपल्या भागात वारा वाहतो त्याच्या उजवीकडे पाणी वळतं, हे ती तीन वर्षं नकाशांवर बघत होती. वारा आग्नेयेला जाणारा, म्हणजे त्याच्या उजवीकडे वळलेलं पाणी दक्षिणेला. किती वळलं, हे मात्र अंदाजाने सांगायची तिची तयारी नव्हती.

तिने पुन्हा फोन लावला. "दर्शन, कुलूप फोड."

"लेखी द्या मॅडम. माझी नोकरी जाईल."

"देते! व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून देते, सहीचा फोटो काढून देते. पण फोड!"

तिने खरोखरच कागदावर सही करून फोटो पाठवला. वीस मिनिटांनी दर्शनचा निरोप आला: कुलूप मजबूत आहे, पहार आणायला गेलोय. अर्ध्या तासाने: खटका वर. मग तासाभराचं मोजमाप. त्या तासात खंडूकाका खोलीत येरझाऱ्या घालत राहिले आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिले, "आलं काय?" शेवटी ती ओरडली, "काका, पाण्याला घाई करता येत नाही हो!" आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

दीड वाजता प्रवाहाचे बाण पडद्यावर उमटले. जवळजवळ सरळ दक्षिणेकडे, तासाला दीड किलोमीटर. रात्रभर वारा बदलला नव्हता. तिने हिशेब केला: होडी पूर्णगडासमोर, खोल पाण्यात.

तिने तटरक्षक दलाच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकलं. "मॅडम, वारा तर आग्नेयेला जातोय."

"वारा जातोय. पाणी दक्षिणेला जातंय!"

"ईमेल करा. वरिष्ठांना दाखवतो."

तिने ईमेल केला. पण खंडूकाका थांबायला तयार नव्हते. त्यांनी पूर्णगडच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या ओळखीच्या ट्रॉलरला वायरलेसवर गाठलं आणि तिने लिहून दिलेले आकडे दोनदा वाचून दाखवले.

चार वाजता ट्रॉलरवरून आवाज आला. होडी सापडली होती. तिने सांगितलेल्या जागेपासून तीन मैलांवर. तिघंही धड होते. खंडूकाका खुर्चीत बसले.

दिवस मावळताना ट्रॉलरने होडी मिरकरवाड्याला ओढून आणली. बाबू धक्क्यावर उतरला तो चिडूनच. "ओढताना पुढच्या टोकाची, नाळीची फळी फोडली त्यांनी! हळू घ्या म्हणून घसा सुकला माझा!"

"जिवंत आलास ना, मेल्या!" खंडूकाकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला तसंच जवळ ओढलं.

राजश्री वही उघडून पुढे झाली. "बाबूदादा, इंजिन नक्की किती वाजता बंद पडलं? आणि सकाळी किनारा दिसत होता का?"

बाबूने तिच्याकडे बघितलं. ओठ फुटले होते, डोळे लाल झाले होते.

"अगो बाय," तो म्हणाला, "आधी पाणी दे. प्यायचं."