नवसाचं मुंडण

इसक्कीने डोकं भादरलं ते माझ्यापायी, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता विचारायला जाल तर कुणी तोंड उघडणार नाही. मी उघडते. माझं तोंड तसंही कधी बंद नसतं, असं शेन्बगम म्हणते.

मी पेच्ची. कोर्टासमोर माझं इडलीचं दुकान आहे. वकील, पोलीस, आरोपी, फिर्यादी, सगळे माझ्याच बाकावर बसून खातात, एकमेकांकडे सांबाराची बादली सरकवतात आणि मग आत जाऊन भांडतात. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही. भाऊ तिकडे तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात, त्याची बायको वारली तेव्हा शेन्बगम माझ्याकडे आली ती राहिलीच. मला मुलगा असता तर हीच माझी सून झाली असती. आमच्यात भाचीवर आत्याचा हक्क पहिला. मुलगा नव्हता, म्हणून हे इसक्की नावाचं लचांड माझ्या गळ्यात पडलं.

इसक्कीला आई ना बाप. गावाबाहेर इसक्की अम्मनचं देऊळ आहे, तिथे पायरीवर सापडला म्हणून हे नाव. वाढला पंचायत युनियनचे चेअरमन तानुमालयन यांच्या गोठ्यात. शेण काढता काढता गाडी धुवायला लागला, धुता धुता चालवायला शिकला. चेअरमनची जीप तोच चालवायचा. रंगाने काळाकुळकुळीत, दात पांढरेशुभ्र, आणि डोक्यावर हे एवढं केसांचं जंगल. त्या केसांचा त्याला कोण गर्व! जीपच्या आरशात मागचा रस्ता कमी आणि स्वतःचा भांग जास्त बघायचा.

रोज सकाळी माझ्याकडे यायचा आणि दोन इडल्या संपवायला कोर्टाची सुट्टी होईपर्यंत बसायचा.

"काय रे, चावत नाहीये का? माझे दात देऊ?"

"गरम आहे, अक्का."

"सकाळपासून गरमच आहे?"

आत चटणी वाटता वाटता शेन्बगम फिसकन हसायची. मी काय आंधळी आहे? मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण मी नाही म्हणत राहिले. पोरगा वाईट नव्हता, त्याचा धनी वाईट होता. रात्रंदिवस नदीतली वाळू उपसून लॉऱ्या केरळात जायच्या, त्या त्याच्या. तलाठ्यापासून वरपर्यंत सगळ्यांची तोंडं त्याने बांधलेली. रस्त्यात जिकडे तिकडे त्याचा हात जोडलेला फोटो, पक्षाच्या रंगाच्या काठाचं धोतर आणि ते हसू. बघितलं की माझं पित्त खवळतं. त्याच्या विरुद्ध गावात एकच माणूस बोलायचा, सामुवेल मास्तर. निवृत्त माणूस, सायकलवर फिरायचा, लॉऱ्यांचे फोटो काढायचा आणि कलेक्टरकडे अर्ज करायचा. इसक्की एकदा मला म्हणाला, "मास्तरांनी मला अ, आ शिकवलं, अक्का. मी त्यांच्याजवळून जीप नेतो ना, तेव्हा मान खाली घालतो."

"मग सोड ना ती चाकरी!"

"भात चेअरमननी घातलाय, अक्का."

आता ह्याला काय म्हणायचं? लाज आणि इमान एकाच डोक्यात घेऊन फिरत होतं पोरगं.

त्याने समुद्राकाठच्या तिरुच्चेंदूरच्या मुरुगनला नवस बोलला. पेच्ची अक्का हो म्हणाली तर केस देईन. आणि हे मला येऊन सांगितलं! मी म्हटलं, "देवाला बोललेलं मला कशाला सांगतोस?" तर म्हणतो, "अर्धा नवस तुमच्याच हातात आहे. मुरुगनला एकट्याला कसं जमेल?" शेन्बगम आत पदर तोंडात कोंबून हसत होती. मलाही हसू आवरेना. ज्या केसांसाठी हा जगतो ते द्यायला निघालाय, म्हटल्यावर माझा राग विरघळला. पोंगलचा सण होऊन गेला होता, लग्नाला महिना चांगला होता. म्हटलं, "जा, भादरून ये. मग तारीख बघू."

तेव्हा तो मला पहिल्यांदा 'आत्या' म्हणाला. आमच्यात सासूलाही आत्याच म्हणतात. मी तोंड फिरवलं आणि उगीचच चुलीत लाकूड सारलं. चुलीच्या धुराने डोळे भरले म्हणायला बरं पडतं.

तो आणि शेन्बगम, दोघं पहाटेच्या बसने गेले. चिंचेचा भात मीच बांधून दिला. दिवसभर त्याने सुट्टी घेतली होती, म्हणून त्या दिवशी जीप चेअरमनचा मुलगा कदिरवन चालवत होता. हे नीट लक्षात ठेवा. दिवस मावळतीला नदीच्या रस्त्यावर त्या जीपने सामुवेल मास्तरांना सायकलसकट चिरडलं. एकदा पुढून, आणि एकदा मागे घेऊन. वळणावरच्या चहावाल्याने पाहिलं. चालवणाऱ्याचे लांब केस वाऱ्यावर उडत होते, असं त्याने त्या संध्याकाळी निदान दहा जणांना सांगितलं.

त्याच वेळी आमचा नवरदेव बसमधून उतरला. तुळतुळीत गोटा, त्यावर चंदनाचा लेप, अंगात समुद्राच्या पाण्याने कडक झालेला शर्ट. माझ्या बाकावर हशाच पिकला. एक वकील म्हणाला, "आता आरशात काय बघणार रे?" पोलीस स्टेशनचा हवालदार तर त्याच्या टाळक्यावर हात फिरवून म्हणाला, "वा, इडलीच आहे की!" शेन्बगम लाजून मागच्या दाराने आत पळाली. मास्तरांची बातमी अजून बाजारात पोचायची होती. एवढा आनंद माझ्या दुकानात पुन्हा झाला नाही.

तासाभरात चेअरमनची मोटार आली आणि इसक्कीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तो बाजूच्या तालुक्याच्या कोर्टात हजर झाला. जीप मी चालवत होतो, म्हणाला. आमच्याकडे ही रीतच आहे. गुन्हा मोठ्याच्या पोराचा, हजर होतो गड्याचा पोरगा. चेअरमनने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं म्हणे, की नुसता अपघात आहे, महिन्या-दोन महिन्यांत जामीन होईल, मग तुझं लग्न माझ्या कार्यालयात, माझ्या खर्चाने. पोरगं भुललं. जन्मात कुणी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, त्याला काय ठाऊक की गळा धरायची सुरुवातही तिथूनच करतात!

कबुली दिली आणि अपघाताचा खून झाला. कागद फिरले. ड्रायव्हरचं मास्तरांशी जुनं वैर होतं, मुद्दाम चिरडलं, असं ठरलं. चहावाल्याला अचानक मोतीबिंदू झाला, त्याला काही दिसलंच नव्हतं. टाळक्यावर हात फिरवणाऱ्या हवालदाराला ती संध्याकाळ आठवेना. बसचा कंडक्टर दुसऱ्या डेपोत गेला. मी ज्याच्या त्याच्या ताटात इडली आपटून विचारायचे, "काय हो, तुम्ही त्या दिवशी हसला नव्हतात?" तर माना खाली. हळूहळू गिऱ्हाईकही कमी झालं.

शेन्बगम रडली नाही. मला वाटलं, रडेल, जेवण सोडेल. ती मास्तरांच्या बायकोकडे गेली. ती बाई नवऱ्याचं दुःख करत बसली होती, तिला हिने सांगितलं, "तुमच्या नवऱ्याला मारणारा बाहेर फिरतोय, आणि ज्याला तुम्ही शाप देताय तो माझ्याबरोबर समुद्रावर होता." म्हातारीने आधी तिला हाकललं. मग परत बोलावलं. म्हातारीच्या वकिलाने अर्ज केला, की दिवसभर त्याच्याबरोबर असलेल्या ह्या मुलीची साक्ष घ्या.

साक्षीच्या आधी चेअरमन स्वतः माझ्या दुकानात आले. बाकावर बसले, चार इडल्या खाल्ल्या, चटणीची तारीफ केली.

"पेच्ची, तुझी भाची टायपिंगच्या क्लासला जाते म्हणे. नदीच्या रस्त्यानेच जाते ना?"

मी डाव सांबाराच्या बादलीत टाकला.

"सांभाळ बाई. रस्ता वाईट आहे. गाड्यांचे ब्रेक लागत नाहीत हल्ली." मग हात धुऊन, धोतराला पुसत म्हणाले, "इसक्कीलाही हेच सांगून आलो काल. फार रडला. लळा लागलाय त्याला तुमचा."

ते गेल्यावर मी शेन्बगमला खोलीत घेऊन दाराला कडी लावली. म्हटलं, "जाऊ नकोस. तो तर गेलाच, तू तरी राहा."

"आत्या, मी नाही बोलले तर तो आत जन्म काढेल."

"आणि बोललीस तर? भर कोर्टात सांगणार, की मी एका पोराबरोबर दिवसभर होते? उद्या तुला कोण करून घेईल?"

"ज्याला करायचंय तो आत आहे ना! त्याला बाहेर काढायलाच चाललेय." मग ती माझ्या गळ्यात पडली. "तुम्ही पण चला. मला भीती वाटतेय हो."

गेले. काय करणार? कडी मीच काढली.

कोर्ट गच्च भरलं होतं. शेन्बगम उभी राहिली आणि तिने एक शब्द गाळला नाही. पहाटेची बस, चिंचेचा भात, केस देताना हा डोळे मिटून बसला ते, मग समुद्रात बुडी मारली, डोक्याला चंदन हिने लावलं. मागे कुणीतरी खिदळलं. मी उठून ओरडले, "हसतोस काय रे भाड्या, तू पण होतास माझ्या दुकानात!" न्यायाधीशबाईंनी मला दटावून बसवलं. मग त्या इसक्कीकडे वळल्या. त्याच्या डोक्यावर तोवर बोटभर केस आले होते.

"ह्या मुलीला ओळखतोस?"

तो तिच्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता! चेअरमन पहिल्या रांगेत, मांडीवर हात जोडून बसलेले. इसक्कीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही."

"ती म्हणते, त्या दिवशी तू नवस फेडायला गेला होतास. डोकं कधी भादरलंस?"

"दुसऱ्या दिवशी, अम्मा." आवाज इतका हळू, की बाईंनी पुन्हा विचारलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी. मास्तर माझ्या हातून गेले. घरात मयत झालं की भादरतात ना, तसं भादरलं. त्यांनी मला अ, आ शिकवलं होतं."

देवाला दिलेले केस, लग्नासाठी दिलेले केस, पोराने आपल्याच गळ्याला दोर म्हणून बांधले. मास्तरांची बायको पदरात तोंड घालून रडायला लागली. शेन्बगम तशीच उभी. "खोटं बोलतोय," एवढंच ती म्हणाली, "तो माझ्यासाठी खोटं बोलतोय." निकालपत्रात आलं, मुलीची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी नाही. इसक्कीला जन्मठेप झाली.

त्यानंतर गावाने तिला काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही. भाऊ तिरुप्पूरहून आला, थोबाडीत मारून गेला. तिने टायपिंगचा क्लास सोडला आणि माझ्यासोबत इडलीचं पीठ वाटायला बसली. चेअरमनने शब्द पाळला म्हणायचा, तिच्या वाटेला कुणी गेलं नाही.

एका मंगळवारी, भेटीच्या वारी, आम्ही दोघी तुरुंगात गेलो. फाटकावरचा शिपाई आमच्याच गावचा, त्याने सोडलं. मी आधी एकटीच जाळीपाशी गेले. पोरगं हाडं हाडं झालं होतं.

"आत्या, तिचं लग्न करून द्या. चांगला मुलगा बघा. माझ्या वतीने सांगा तिला."

"मी का सांगू? मी काय तुझी पोस्टमन आहे? ती आली आहे, तूच सांग."

शेन्बगम पुढे आली. त्याने तिला पाहिलं आणि मागे सरकला. तिथे चेअरमन नव्हता, कुणी नव्हतं. तरीही तो शिपायाला म्हणाला, "ह्या कोण? मी ह्यांना ओळखत नाही."

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नसाल ओळखत. मी शेन्बगम. पेच्ची आत्याच्या इडलीच्या दुकानात असते. दर मंगळवारी येत जाईन. होईल ओळख."

इसक्की खाली बसला. गुडघ्यात तोंड घालून असा रडला, की आजूबाजूचे कैदीही वळून बघायला लागले. घंटा वाजली तेव्हा उठला, जाळीपाशी आला, शर्टाने नाक पुसलं.

"मी इसक्की," म्हणाला. "आत्याच्या इडल्या मलाही आवडतात."

पुढच्या मंगळवारी आम्ही डबा घेऊन गेलो. त्याला लांबच्या तुरुंगात हलवलं होतं. कुठल्या, ते खिडकीवरचा कारकून सांगेना. नवीन माणूस होता, वाईट नव्हता.

"नातेवाइकांनाच सांगता येतं, बाई. त्याने तर लिहून दिलंय, मला कुणी नाही. तुम्ही कोण त्याच्या?"

मी म्हटलं, आत्या. त्याने कागद पाहून नाही अशी मान हलवली. मग शेन्बगमकडे पाहिलं. "आणि तू गं?"

"मी त्याची ओळखीची," ती म्हणाली. "मागच्या मंगळवारीच ओळख झाली."

"नुसत्या ओळखीवर सांगता येत नाही, पोरी," तो म्हणाला, आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.