पुलापासून लागलेला दिवा

पूल ओलांडला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. थर्मामीटरसारखं छोटंसं चित्र, खाली पाण्याच्या दोन लाटा. पोस्टकाकूंनी तो पाहिला, आणि टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसून पत्ता नसलेल्या पाकिटाचं अठ्ठावीस वर्षं त्या जे करत आल्या होत्या तेच त्याचंही केलं. तात्पुरतं बाजूला ठेवलं.

पण दिवा काही बाजूला राहीना. डोळे रस्त्यावर ठेवावेत तरी तो कोपऱ्यातून खुणावत होताच.

शेजारच्या सीटवर त्यांच्या विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर मोठी कापडी पिशवी, तिच्यात मऊसूत धुतलेली डझनभर दुपटी, आणि पिशवीवर दोन्ही हात असे ठेवलेले की जणू कोणी ती हिसकावून घेणार आहे. सकाळी साडेआठला मुलाचा फोन आला होता. "आई, हिला दवाखान्यात आणलंय. दहा दिवस आधीच सुरू झालंय सगळं. तू ये." मुलगा आणि सून राहायचे ते शहर दोन तासांच्या अंतरावर. पोस्टकाकूंनी किल्ली घेतली, दाराबाहेर पाऊल टाकलं, आणि मग त्यांना वाटलं, आपण आजी होणार तसंच दोन गल्ल्या पलीकडे आणखी एक बाई आजी होणार आहे, शिवाय पोटची पोर तिची आहे. त्यांनी फोन लावला. "विहीणबाई, मी निघतेय. येता का?" पलीकडून फक्त "आले" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद.

तसं दोघींचं वाकडं काही नव्हतं. पण चार वर्षांत सूतही जुळलं नव्हतं. एकमेकींशी बोलायच्या त्या काचेचं सामान उचलावं तसं, जपून. याचं मूळ होतं मुलांच्या लग्नात. जेवणाच्या टेबलांवर घालायच्या चादरी पोस्टकाकूंनी रात्र जागून इस्त्री करून ठेवल्या होत्या, आणि सकाळी पाहतात तर विहीणबाई एकेक चादर उलगडून पुन्हा घडी घालताहेत. बोलल्या काहीच नाहीत. तेच तर काकूंच्या मनाला लागलं होतं.

"अजून किती राहिलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"चाळीसेक किलोमीटर."

"हं."

त्या 'हं'सरशी काकूंनी पुन्हा तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. ही गाडी मुलाची जुनी. नवी घेतली तेव्हा त्याने ती आईला दिली आणि सोबत एक नियमही दिला. "पिवळा दिवा लागला तर गॅरेजला जायचं. लाल लागला तर थांबायचं. विचार करायचा नाही, थांबायचं." म्हणजे नियम अगदी स्पष्ट होता. पण त्या नियमात विहीणबाई नव्हत्या. लेक तिकडे कळा सोसतेय आणि सासू इकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बसलीय, हे पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं तर? पुढे सहा किलोमीटरवर पेट्रोल पंप असल्याची पाटी मागे गेली. सहा किलोमीटर म्हणजे काय, चुटकीसरशी संपतील. काकूंनी वेग थोडा कमी केला आणि मनातल्या मनात गाडीला चुचकारलं. चल गं बाई, एवढं ने, मग तुला हवी तेवढी विश्रांती.

काटा लाल पट्टीच्या पार टोकाला जाऊन टेकला. आता वासही येऊ लागला. गोडसर, करपल्यासारखा.

आणि अचानक काकूंना स्वतःचंच हसू आलं. आपण ही घासाघीस करतोय तरी कुणाशी? इंजिनाला काय माहीत विहीणबाई कोण ते? वाटेत गाडी मेली तर आज दोघींपैकी कोणीच पोचणार नाही. त्यांनी डावीकडचा दिवा लावला, दोन झाडांखाली सपाट जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"विहीणबाई, इंजिन तापलंय. लाल दिवा लागलाय. मी पुढे नेणार नाही. तुम्हाला राग आला तरी नाही."

विहीणबाईंनी मान वळवली. "कधीपासून लागलाय?"

"पुलापासून."

"पुलापासून!" विहीणबाईंनी पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि दार उघडलं. "अहो, मग बोलायचं नाही का? मला मघापासून वास येतोय. म्हटलं गाडी तुमची, चालवताय तुम्ही, मी कशाला नाक खुपसू?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"बावीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होते. तापलेल्या पाण्याचा वास मला झोपेतही कळतो."

काकूंनी बॉनेट उघडलं तशी आतून गरम हवेची लाट अंगावर आली. पाण्याची बाटली हातात होतीच. त्यांनी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला मात्र, विहीणबाईंनी त्यांचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"हात लावू नका! आत वाफ कोंडलीय. आमच्याकडे एका नव्या पोरीने असंच घाईत बॉयलरचं तोंड सैल केलं होतं. नशीब, बाजूला उभी होती. आता अर्धा तास थांबायचं. त्याआधी इथे कोणी काही उघडायचं नाही."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की काकूंनी बाटली मुकाट्याने खाली ठेवली.

मग दोघी झाडाखाली बसल्या. मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, तरी नाही. शेजारून गाड्या सुसाट जात होत्या. एकदोघांनी वेग कमी करून "काही मदत हवी का?" म्हणून विचारलंही. त्यातल्या एका म्हाताऱ्याने पाण्याची भरलेली कॅन देऊन टाकली. बसून बसून काय करणार? काकूंच्या तोंडून चार वर्षं दाबून ठेवलेलं निसटलं.

"विहीणबाई, लग्नात त्या चादरींच्या घड्या तुम्ही परत का घातल्यात?"

"कोणत्या चादरी?"

"टेबलावरच्या. मी इस्त्री केलेल्या."

विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "त्या तुम्ही केल्या होत्या? मला वाटलं, हॉलवाल्यांच्या आहेत! अहो, घडी दिसली की माझे हात शिवशिवतात. बँकेत गेले तरी तिथला टॉवेल नीट करून येते. आमचे हे तर माझ्या वाटेत रुमालही ठेवत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तेव्हापासून तुम्ही मनात धरून बसलात?"

"बसले."

"पुलापासून बसलात तशाच."

काकूंना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. विहीणबाईही हसत सुटल्या, पदराने तोंड दाबून, खांदे गदगदा हलवत. त्या हसण्यातच फोन वाजला. काकूंनी घाईघाईत स्पीकर लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग मुलाचा आवाज. रडतोय की हसतोय ते कळेना.

"आई, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. ऐक, ऐक..."

आणि त्या रणरणत्या रस्त्याच्या कडेला, उघड्या बॉनेटच्या गाडीसमोर, एक इवलासा, चिडलेला, ठणठणीत आवाज आला. दोघींनी फोन मध्ये धरला होता. कोणाचा हात कोणाच्या हातावर होता, दोघींनाही भान नव्हतं. रडणं थांबलं तरी त्या तशाच वाकून बसल्या होत्या.

"आवाज तुमच्यावर गेलाय," काकू म्हणाल्या.

"बरंच आहे. धुलाईखान्यात कोणी तिचं ऐकणार नाही असं व्हायचं नाही."

अर्धा तास कधीच उलटून गेला होता. विहीणबाईंनी पिशवीतलं एक दुपटं काढून त्याची चौपदरी घडी केली, ती झाकणावर ठेवून झाकण जरासं फिरवलं. फुस्स करून उरलीसुरली वाफ गेली. मग त्या वाकल्या, खालची रबरी नळी बोटांनी चाचपली. "ही बघा. क्लिप ढिली झालीय. इथून पाणी गेलंय सगळं." काकूंच्या नेलकटरच्या पात्याने त्यांनी स्क्रू आवळला. काकूंनी कॅनमधलं पाणी ओतलं, वर दोन बाटल्याही रिकाम्या केल्या. गाडी सुरू केली. काटा खाली आला. दिवा विझला.

"आता हीटर लावा," विहीणबाई म्हणाल्या.

"या उन्हात?"

"इंजिनाची गरमी आपल्याकडे ओढून घ्यायची. खिडक्या उघडा."

तशा अवतारात, पायांवर गरम वारा आणि तोंडावर धुळीचा वारा घेत, त्या बेताच्या वेगाने पंपापर्यंत गेल्या. तिथल्या मेकॅनिकने नवी क्लिप बसवली, नळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लगेच थांबलात ना?"

"जरा विचार केला," काकू म्हणाल्या.

"पुढच्या वेळी तोही करू नका," मेकॅनिक म्हणाला. "आणखी थोडी दामटली असती तर गाडी टोचन लावून ओढतच न्यावी लागली असती."

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना दीड वाजला. मुलगा दारातच उभा होता. दोघींचे लालबुंद चेहरे, विस्कटलेले केस आणि विहीणबाईंच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग बघून त्याने घाबरून विचारलं, "तुम्ही भांडलात का?"

"छे रे. हीटर लावला होता," काकू म्हणाल्या आणि त्याला तिथेच सोडून आत शिरल्या.

सून पडून होती. दमलेली, पण चेहरा उजळलेला. शेजारी पाळण्यात मूठभर जीव. तिने डोळे उघडले आणि हाक मारली, "आई..."

"काय गं?" दोघी एकदमच बोलल्या.

सुनेने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. एरवी अशा वेळी दोघींपैकी एक जण चटकन मागे सरायची, हे तिने चार वर्षं पाहिलं होतं. आज कोणीच सरलं नाही. "पाणी द्या," ती म्हणाली, "कोणीही."

काकूंनी पाणी दिलं. विहीणबाईंनी नातीला उचललं, मानेखाली हात नीट धरला आणि आपल्या शेजारची खुर्ची पायाने काकूंकडे सरकवली. दोघी खुर्च्या लावून बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत ती पोर या मांडीवरून त्या मांडीवर झोपत राहिली.